घरातली लेक घरात

शिवांजलीने फळ्यावर स्पेनच्या हाब्सबुर्ग घराण्याची वंशावळ काढली, तेव्हा वर्गात खसखस पिकली. करोलबागेतल्या त्या क्लासला स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलेली मराठी मुलं यायची. वंशावळीतल्या रेषा वळून वळून पुन्हा त्याच नावांपाशी येत होत्या.

"मॅडम, राजानं सख्ख्या भाचीशी लग्न केलं?" लातूरच्या जयेशने विचारलं.

"राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून. पिढ्यानपिढ्या हेच चाललं होतं. त्यांचा मुलगा दुसरा कार्लोस. चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही म्हणतात, आठव्या वर्षापर्यंत धड चालला नाही. घास चावता येत नव्हता. तो निपुत्रिक गेला आणि घराण्याचं राज्य संपलं."

मुलं मान खाली घालून लिहीत होती. शिवांजलीने तास दहा मिनिटं आधीच सोडला.

तिच्या मुलाने, मानसने, कधी मानसुद्धा धरली नव्हती. पाच वर्षं तिने त्याला चमच्याने पेज भरवली. गेल्या चैत्रात तो गेला. नवरा इंद्रजित तिचा आतेभाऊ. एकच दोष दोघांच्याही रक्तात आहे, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तपासून सांगितलं होतं. आत्याच्या जिवाला लागेल म्हणून दोघांनी ते घरी कुणाला कळू दिलं नाही.

इंद्रजितला लष्करी छावणीत मिळालेल्या क्वार्टरमध्ये ती पोचली तेव्हा हौसाबाई, म्हणजे तिची आत्या आणि सासूही, गावी भावाशी फोनवर बोलत होत्या. "घरातली लेक घरातच येतेय, याहून काय हवं?" इंद्रजितच्या धाकट्या भावाला, यशोधनला, शिवांजलीचीच बहीण गिरिजा पक्की झाली होती. साखरपुडा रविवारी.

फोन ठेवल्यावर शिवांजली त्यांच्यासमोर बसली आणि डॉक्टरांचं म्हणणं सगळं सांगून मोकळी झाली.

आत्यांनी फोन बाजूला सारला. मग म्हणाल्या, "इंद्रजितच्या आधी मला दोन झाली होती. दोन्ही अशीच, लोळागोळा. वर्षाच्या आत गेली. सासू म्हणाली, बाहेर बोलायचं नाही. मलाही मामाच्याच घरी दिलं होतं ना."

"आणि तरी तुम्ही मला मागून घेतलंत?"

"तुझ्यावर माया होती गं."

शिवांजलीला ओरडावंसं वाटलं. पण दोन वर्षं तीही गप्पच होती. तिने वडिलांना फोन लावला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, कार्लोसची गोष्टही सांगितली.

"निदान दोघांचं रक्त तरी तपासा, बाबा."

"परदेशातल्या राजांच्या गोष्टी वर्गात सांगायच्या," शांतारामराव म्हणाले. "मानसचं नशीब मानसबरोबर गेलं."

आत्यांनी हात पुढे करून फोन घेतला. "शांताराम, मी हौसा. माझ्या यशोधनला तुझी गिरिजा नको."

"आक्का, पत्रिका छापायला गेल्यात!"

"मग परत आण."

लग्न मोडलं. शांतारामराव बहिणीशी बोलेनासे झाले, मुलीशीही. यशोधनने फोनवर आईला एकच विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही. गिरिजाचा मेसेज मात्र आला: ताई, तू माझं वाटोळं केलंस.

शिवांजलीने तो आत्यांना वाचून दाखवला नाही. पण आत्यांनी तिचा चेहरा पाहिला, आणि कणीक मळायला घेतली.