माझ्या बुंध्यावरची लाल फीत

मित्रांनो, मी एक जुनी केवड्याची मादी आहे. आधीच सांगून ठेवते, मला वास नाही. उगाच नाक पुढे कराल आणि काटा टोचून घ्याल.

कोल्हारच्या अलीकडे एक ओढा प्रवरेला मिळतो, त्याच्या काठावर मी उभी आहे. माझी पाने हातभराहून लांब. त्यांच्या दोन्ही कडांना काटे आहेत आणि पाठीच्या शिरेवरही काटे आहेत. बुंध्याभोवती ती स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत फिरत वर चढतात. बुंध्यातून निघालेली मुळे घराला टेकू द्यावा तशी चिखलात रोवलेली असतात.

आमच्या जातीत नर वेगळा आणि मादी वेगळी. सुगंधी कणीस येते ते नराला. तुम्ही केवडा म्हणून केसांत माळता, तो त्याचा. मला येते अननसासारखे फळ. पिकले की शेंदरी होते, पण ते कोणी देवाला वाहत नाही आणि घरीही नेत नाही. नावडतीचे मीठ अळणी, दुसरे काय?

समोरच्या काठावर तो होता. भाद्रपद आला की त्याचा वास पार वस्तीपर्यंत जायचा. गौरी यायच्या आदल्या दिवशी वस्तीवरची छबूबाई कोयता आणि काठी घेऊन यायची. केवड्यात नाग राहतो असे सगळे गाव मानते, म्हणून दुसरे कोणी त्याच्या जवळ जात नसे. छबूबाई आधी जमिनीवर काठी आपटायची आणि म्हणायची, "जा बाबा बाजूला. गौरीला फूल पायजे." मग ती कणसे कापायची आणि घरोघर वाटायची. एकदा तिची सून चुकून माझ्याकडे वळली, तेव्हा ती म्हणाली, "तिच्याकडं नको जाऊ. भाकड हाय ती. निस्ते काटे."

तिचा मला फार राग यायचा. पण तिची एक रीत होती, त्या रीतीसाठी मी तिला सगळे माफ केले आहे. शेंड्याचे एक कणीस ती कधीच कापत नसे. "ह्यो नागोबाचा वाटा," असे म्हणून हात जोडायची आणि निघून जायची. त्या राखलेल्या कणसाचा पराग वाऱ्याबरोबर ओढा ओलांडून माझ्याकडे यायचा. नाग तिथे होता की नव्हता देव जाणे, पण त्याच्या वाट्यावर माझी फळे भरली. मी भाकड नव्हते. माझा धनी समोर उभा होता, एवढेच कोणाला माहीत नव्हते.

यंदाच्या वैशाखात संगमनेरकडच्या एका कॉलेजातल्या रेश्मा मॅडम विद्यार्थिनींना घेऊन आल्या. ओढ्याकाठची झाडे ओळखून त्यांच्या जाती ठरवायचे काम त्यांनी घेतले होते. माझ्यापाशी त्या खूप वेळ थांबल्या. पानाचे काटे त्यांनी बोटाने चाचपले. फळाची एक फाक काढून तिचे टोक भिंगाखाली धरले.

"ह्याला कुणी घायपात म्हणू नका," त्या मुलींना म्हणाल्या. "घायपाताला अशी टेकूची मुळं नसतात. हा केवडा आहे, आणि ही मादी आहे." मग त्यांनी माझ्या बुंध्याला लाल फीत बांधली. ज्याची ओळख पक्की झाली त्याला फीत, अशी त्यांची पद्धत होती.

पूजा नावाच्या मुलीने विचारले, "मॅडम, पलीकडचा पन केवडाच हाय ना?"

"केवड्याच्याच कुळातला आहे. पण नुसत्या पानांवरून जात ठरवायची नाही. भाद्रपदात येऊ, फूल बघू, मग बांधू फीत."

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. फूल पाहिल्याशिवाय नाव लावू नये, हे शास्त्राला धरूनच होते. त्या संध्याकाळी मी मात्र खूप मिरवले. जन्मात पहिल्यांदा माझे कौतुक झाले होते, आणि तो समोर नुसता उभा होता.

आठवडा झाला नसेल, तोच काठ साफ करायला जेसीबी आला. काम पाहायला गावातले आबासाहेब उभे होते. छबूबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी मिरजगावला गेली होती. आबासाहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लाल फीत हाय तेवढं ठिवा. मॅडमनी राखलंय ते. बाकीचं घायपात काढा."

"पलीकडचं मोठं?" चालकाने विचारले.

"त्याला कुठं फीत हाय? काढा."

ज्यांच्या घरची गौर दरवर्षी त्याच्या कणसाने सजायची, त्यांनी त्याला ओळखले नाही. वैशाखात त्याला फूल नव्हते, त्यामुळे वासही नव्हता. मला तोंड असते तर मी ओरडले असते. त्याची मुळे सहज सुटली नाहीत. यंत्राने त्याला तीनदा ओढले, तेव्हा तो आडवा झाला. मी सगळे पाहिले. मग तो ट्रॉलीत भरला गेला, आणि मुळांची ओली माती काठावर वाळत राहिली.

मग भाद्रपदात, गौरींच्या आदल्या दिवशी रेश्मा मॅडम आल्या. त्यांच्या हातात त्याच्यासाठी आणलेली नवी फीत होती. त्या खड्ड्यापाशी बसल्या आणि एखादा कोंब तरी उरला आहे का म्हणून माती उकरत राहिल्या. काही उरले नव्हते. तेवढ्यात छबूबाई आली. पावसाने गवत माजले होते. तिने सवयीने आधी काठी आपटली आणि मग वर पाहिले.

 मॅडमना गावात जे कळले होते, ते सगळे त्यांनी तिला सांगितले. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ती त्याची मादी होती, आजी. त्याच्यामुळंच तिला फळ धरायचं."

छबूबाई ओढ्यातून चालत माझ्यापाशी आली. माझ्या पिकल्या फळाला तिने हात लावला. "आन म्या तुला जलमभर भाकड म्हनले गं," एवढेच बोलली आणि पदराने डोळे पुसू लागली.

पाठीमागून आबासाहेब पिशवी घेऊन आले. "काकू, औंदा आमच्या गौरीला दोन केवडं जास्ती द्या. सुनेची पयलीच गौर हाय."

छबूबाईने काठीने पलीकडचा खड्डा दाखवला. "जा. तितनं काढून घे."

आबासाहेब खड्ड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या फितीकडे पाहिले आणि रिकाम्या पिशवीची घडी घालत ते खाली बसले.

मित्रांनो, झाड फुलात नसते तेव्हाही ते तेच झाड असते. वर्षातून चार दिवस नाक लावून जाऊ नका, बाकीच्या महिन्यांतही त्याच्याकडे बघत जा. आणि ज्याची ओळख अजून पटलेली नाही, त्याला ती पटेपर्यंत तरी जगू द्या.

माझी फीत आता विटली आहे. छबूबाईने हात लावलेले फळ हे त्याचे शेवटचे. तिने ते तोडले नाही. जाताना त्याला हात जोडले आणि म्हणाली, "ह्यो नागोबाचा वाटा."