शुक्रवारचा ड्रम

"डेंग्यू एकदा होऊन गेला, आता पुन्हा व्हायचा नाही," असं मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. भिवंडीचे केसरीनाथ त्यांतलेच.

घराला लागूनच त्यांचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून सुताच्या कांड्या भिजवायला तिथे पाण्याचा ड्रम कायम भरलेला आणि कायम उघडा. त्यांची सून मृणाली कंप्युटरवर रोगांच्या फैलावाचं गणित मांडायची, लेकीला, पूर्वीला, मांडीवर घेऊनच.

"बाबा, ड्रमला झाकण लावा. आठवड्याला घासा तरी."

"गेल्या साली आख्खी गल्ली तापानं झोपली व्हती. आता समदी पक्की झालीत, पूर्वीपन. तुझ्या कंप्युटरला मच्छर चावलाय का कदी?"

"भाभी का मशीन डर गया, सेठ," लूमवरचा खलील म्हणाला.

मृणालीलाही हसू आलं. तिने दोन कांड्या उचलल्या, एक निळी, एक लाल.

"डेंग्यूचे चार प्रकार असतात, बाबा. गेल्या वर्षी हा निळा आला, अंगाने त्याला ओळखून ठेवलं. यंदा शेजारच्या वस्तीत लाल सापडलाय. अंग त्यालाच निळा समजतं आणि फसतं. म्हणून दुसरा डेंग्यू कधी कधी जास्त भारी पडतो. एकच प्रकार धरला तर आपली गल्ली सुरक्षित दिसते. दोन्ही धरले, की ही रेघ बघा."

पडद्यावर रुग्णांच्या आकड्याची रेघ वर वर चढत होती.

"म्हंजे पूर्वीला पुन्हा व्हनार?"

"होईलच असं गणित सांगत नाही. असंच वागलो तर काय होऊ शकतं, एवढंच सांगतं. ड्रम झाकले की रेघ खाली येते."

"रेघा कुनीपन वडतो," म्हणत ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वी ड्रमापाशी टाचा उंचावून उभी होती.

"आजोबा, बघा, बारकी बारकी पिल्लं नाचतायत."

केसरीनाथ वाकले. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ड्रमाच्या काठावर पूर्वीचा हात होता. गेल्या वर्षी त्याच हाताला सलाईन लागलं होतं, आणि तो हलू नये म्हणून ते रात्रभर धरून बसले होते.

"खलील! लूम बंद कर. ह्यो ड्रम पालथा कर."

"सूत टूटेगा, सेठ."

"तुटू दे. सूत जोडता येतंय."

शुक्रवारी लूमना सुट्टी असते. तेव्हापासून दर शुक्रवारी ड्रम घासायचा आणि भरून झाकायचा, असं ठरलं. केसरीनाथ खिशात त्या दोन कांड्या घेऊन गल्लीत घरोघर समजावत फिरू लागले. "सेठ डॉक्टर हो गए," खलील सगळ्यांना सांगायचा, आणि झाकणं मात्र तोच बसवून द्यायचा.

एका संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं, "काय गं, रेघ खाली आली का?"

"उतरतेय, बाबा."

मंडळी, एकदा सोसलेलं दुखणं म्हणजे कायमची ढाल नव्हे. ते दुसरा रंग लेवूनही येतं. ते कोणत्या रंगात येईल, हे आपल्या हातात नाही. पण ड्रमाचं झाकण आपल्याच हातात आहे.