अर्ज न भरलेला फोन

एड्सच्या एका नव्या औषधाची चाचणी चार ठिकाणी चालली होती: तीन मोठी रुग्णालयं आणि एक आडबाजूचा दवाखाना. चारही ठिकाणची माहिती विद्यापीठातल्या एकाच खोलीत यायची, संख्याशास्त्राच्या बाईंकडे. कुणाला काही विचारायचं असेल तर संगणकावर अर्ज भरायचा, मग नंबर लागेल तसं काम. हा नियम बाईंनीच घातलेला. नाहीतर दिवसभर फोन, आणि डोक्याचं पार भजं.

एका मंगळवारी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला.

“ताई, आमचे सहा पेशंट यायचे बंद झालेत. त्यातल्या तिघांचे डोळे मला पिवळट वाटले होते. डॉक्टर म्हणतात, तिघांवरून काय ठरवायचं? तुमच्याकडे सगळ्यांचं येतं ना, जरा बघता का?”

बाई मोठ्या रुग्णालयाच्या अहवालात मान घालून बसल्या होत्या. “अर्ज भरा सिस्टर, मी बघते.”

“तो इथं उघडतच नाही हो.”

“परत करून बघा.”

संध्याकाळी त्या सहा पेशंटच्या क्रमांकांपुढे बाईंनी ‘गैरहजर’ लिहिलं आणि हिशेबातून ते बाजूला काढले.

सात आठवड्यांनी त्या सहांपैकी एक शिवणकाम करणारी पेशंट यकृत निकामी होऊन गेली. चाचणी थांबली. बाकीच्या पाच जणांना घरी जाऊन शोधलं, ते वाचले. इतर रुग्णालयांतही तशीच कावीळ निघाली. चारही ठिकाणचं एकत्र बघितलं असतं तर महिनाभर आधीच दिसली असती.

बैठकीत विभागप्रमुख म्हणाले, “दवाखान्याकडून आपल्याला एकही अर्ज नाही. सिस्टरनं कळवायला हवं होतं.” सिस्टरला मेमो गेला. बाई समोरच्या पेल्यातलं पाणी बघत राहिल्या.

नऊ दिवस त्या गप्प होत्या. घरी ताटातली पोळी तशीच राहायची.

“आकडे चुकले का गं?” वडिलांनी विचारलं.

“नाही अप्पा. आकडे बरोबर आहेत.” आणि त्या रडायलाच लागल्या.

दहाव्या दिवशी त्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या. “फोन आला होता सर. मीच टाळला.”

“नोंद आहे कुठे?”

“नाही.”

“मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?”

बाईंनी सगळं लिहून, सही करून कागद टेबलावर ठेवला. सिस्टरचा मेमो मागे घेतला गेला. बाईंना त्या कामातून काढलं. पुढे असं ठरलं, की संख्याशास्त्रातल्या कुणीतरी दर आठवड्याला प्रत्येक ठिकाणी जाऊन बसायचं, तोंडी विचारलेलंही टिपून घ्यायचं.

बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा सिस्टर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

“माफी मागायला आलेय,” बाई म्हणाल्या.

सिस्टरचे हात थांबले नाहीत. “फोन केला त्याच दिवशी मी त्या शिवणकामवालीच्या घरी जाणार होते, ताई. दोन बस बदलून. मग म्हटलं, आता ताईंच्या कानावर घातलंय, त्या बघतील.” नळी त्यांनी खोक्यात ठेवली. “गेलेच नाही.”

सिस्टरने दाराकडे बघून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.