उमाठ्यांचं आभाळ

फाल्गुन लागला होता. तलावाकाठचा पळस पेटला होता. पानांवाचून, आवाजावाचून, निव्वळ रंगाने पेटला होता. ताम्रवर्णी, तंद्रालस, तप्तश्वासी अशी ती नागपूरची दुपार हळूहळू कलत होती आणि तलावाच्या दगडी बांधावर पश्चिमेचं केशर सांडू लागलं होतं. पाणी स्तब्ध होतं. बगळे स्तब्ध होते. बांधाच्या टोकाला, रोजच्या दगडावर, रघुपती उमाठे बसले होते.

त्यांची मान वर होती. अहो, साठ वर्षं ती वरच होती! आठ वर्षांचे असताना ज्वारीच्या वावरावरून पहिलं विमान गेलं; रुपेरी, रुंदपंखी, रोरावणारं. पोर त्याच्या सावलीमागे ऊर फुटेस्तोवर धावलं. सावली हातची सुटली, वेड मात्र लागलं ते लागलं. पुढे कापडगिरणीत फिटर झाले, यंत्रांच्या खडखडाटात कान घडला. पाळी सुटली की डबा सायकलला अडकवून थेट बांधावर. विमानतळ पलीकडेच; सांजवेळचं विमान बांधावरूनच उतरायचं, इतकं खालून की पोटावरची अक्षरं वाचावीत. आवाजावरून ते जात सांगत, पंखांवरून कूळ सांगत. स्वतः मात्र आयुष्यात एकदाही विमानात चढले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "आत बसल्यावर विमान कुठं दिसते जी?"

आणि आता नेमकं पाहणंच चोरीला गेलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर एकेक काळं भोक पडलं. कड शाबूत, मधलं गायब. पळसाकडे पाहावं तर भोवतालचं रान दिसे, पळस नाही. आभाळाकडे पाहावं तर अथांग, अम्लान, अस्तरंजित आभाळ सगळं जागच्या जागी. फक्त ज्याच्यासाठी मान वर केली तेवढंच नाही. गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. उमाठ्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवंताबाईंना, आपल्या बायकोला, तर मुळीच नाही.

कारण शेवंताबाईंचा धाकटा भाऊ अशाच अधू नजरेनं विहिरीच्या काठी गेला होता, आणि परत आला नव्हता. "ज्या दिवशी तुमचे डोळे दगा देतील," बाईंनी केव्हाच बजावलं होतं, "त्या दिवशी बांध बंद. पाण्याजवळ पाय ठेवायचा नाही." बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. म्हणून उमाठे रोज आठवणीनं बांध चढत, आठवणीनं बसत, आणि वेळ पाहून, आवाज ऐकून, दिसल्याचं सोंग आणत. बांध सुटला तर आपण उरणारच नाही असं त्यांना वाटे. म्हातारा भ्यायला होता, दुसरं काय!

आज शेवंताबाई सोबत आल्या होत्या. सकाळी उमाठ्यांच्या हातून चहा बशीऐवजी सतरंजीवर ओतला गेला, तो त्यांनी पाहिला होता. संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या. "मीबी येते आज."

"तू? काऊन वं? तुले तर विमान म्हटलं की जांभई येते."

"तेच पाह्यते म्हटलं, एवढं काय असते त्याच्यात."

झालं! अंगभर कान करून उमाठे बसले. वारा फिरला होता, पश्चिमेकडून अंगावर येत होता. एरवी एवढ्यावरूनच त्यांनी ओळखलं असतं. विमान वाऱ्याच्या तोंडावर चढतं, वाऱ्याच्या तोंडावर उतरतं; वारा फिरला की उतरणारी वाट चढणारी होते. पण आज चित्त वाऱ्यावर नव्हतंच, शेजारच्या बाईवर होतं. घरघर आली. दूरची, दबकी, दिगंताच्या कडेची. वेळ बरोबर जुळली. उमाठ्यांनी रोजच्या रुबाबात बोट उचललं.

"ते पाह्य, आलं! कसं अलगद उतरून राहिलं. चाकं सोडली, पाह्य, चाकं सोडली!"

शेवंताबाईंनी वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"चाकं कुठं सोडली जी? चाकं पोटात घेतली त्यानं. ते तर वर चाललं."

आणि मग तो आवाज डोक्यावर फुटला. चढणीचा, चवताळलेला, चराचर हलवणारा. तलावाचं पाणी थरथरलं, बगळे उठले. गिरणीतल्या फिटरच्या कानानं आपली चूक ओळखली, पण शब्द तोंडातून गेला होता. उचललेलं बोट अजून रिकाम्या पश्चिमेकडेच होतं.

आवाज विरला. उमाठ्यांनी बोट खाली घेतलं.

"कधीपासून?" शेवंताबाईंनी विचारलं.

"दसऱ्यापासून."

"अन् मले नाही सांगितलं."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं काय तू मले?"

"नसतंच येऊ दिलं!" बाई कडाडल्या. "आंधळे होऊन रोज या पाण्याकाठी येता? एका भावाले रडून झालं, आता तुमालेबी रडू? अवो, लग्नात अंतरपाट सरला, साऱ्या मांडवानं अक्षता टाकल्या, अन् तुम्ही आभाळात पाहून राहिले होते! विमान चाललं होतं म्हणे! हार घेऊन मी उभी. त्या दिवशीबी मले पाह्यलं नाही, अन् आता पाहाल तर डोळेच नाही. उद्यापासून बांध बंद. संपलं."

उमाठ्यांनी मान खाली घातली. साठ वर्षांत प्रथमच खाली घातली. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

इतक्यात दुसरी घरघर आली. धीरगंभीर, धूसर, धरणीतून उगवल्यासारखी. सवय मरता मरत नाही. मान आपसूक वर गेली. विमान जिथं असायला हवं तिथंच त्यांनी नजर रोवली, आणि तिथं ते भोक होतं. काळं, कोरडं, कायमचं. त्यांनी नजर हलवली नाही. शेवंताबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग डोळे पदराला पुसले.

"पांढरं आहे," त्या म्हणाल्या. आवाज अजून रागाचाच होता. "शेपटीवर लाल काहीतरी आहे, कुंच्याच्या टोकासारखं. पोटाखाली ऊन लागलं त्याच्या. पिवळं झालं सारं. थांबा, वळलं. आता पंख वाकडा केला... अवो, किती मोठं हाये हे! एवढं मोठं असते?"

उमाठे सरळ आभाळात पाहत होते. मधलं सारं गेलेलं. पण कडेला, शाबूत राहिलेल्या त्या अंधूक कडेला, एक वर उचललेला चेहरा होता. कुंकवाचा लाल ठिपका, गालावर ओला उजेड, नवलानं उघडे राहिलेले ओठ. असा वर पाहणारा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ते हलले नाहीत. मान वळवली तर तो पुसला जाईल, हे त्यांना कळत होतं.

"दिसलं काय जी, थोडं तरी?"

"दिसलं," उमाठे म्हणाले.

विमान गेलं. आवाज गेला. बगळे पुन्हा पाण्याकाठी येऊन बसले. म्हातारा आभाळात पाहत राहिला, पाहत राहिला, आणि बांधावर ऊन उतरत राहिलं.