बाभळीपाशी पाच फूट

केरबानं चरासाठी आखलेली चुन्याच्या फक्कीची रेघ टाचेनं पुसली आणि मुठीतली फक्की चार हात पलीकडं सोडायला सुरुवात केली. बाभळीला वळसा घालून रेघ पुन्हा मूळ जागी मिळवायची, एवढंच त्याला करायचं होतं. पण घाईत रेघ नागमोडी पडत गेली.

"काय चाललंय रं?"

मागं निजाम मुकादम उभा होता. मिरजेचा माणूस, कामाला कडक, पण कुणाच्या अंगावर न जाणारा.

"मुकादम, हितं चर जरा वळवू या. माझी पोर हाय हितं."

निजामनं बाभळीकडं पाहिलं. बुंध्याशी एक दगड होता, हळद लावलेला. त्याच्यापुढची माती ओली होती. केरबाची बायको मनुबाई रोज कामावर येताना घोटभर दूध तिथं ओतायची.

"कवा गेली?"

"दोन वर्सं झाली. सा म्हैन्याची हुती."

निजामनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"टेलिफोनची केबल हाय गड्या, पाच फूट खाली जाणार. उद्या सायेब टेप लावून बघणार. माझ्या हातात असतं तर वळवली असती."

"मग ह्यो तुकडा मला एकट्याला द्या. मनूला लांब लावा, पार मलकापूरच्या टोकाला. पाया पडतो तुमच्या."

केरबा खरोखरच खाली वाकला. निजामनं त्याला दंडाला धरून उभं केलं आणि होकाराची मान हलवली. बाप आहे, पोरीची हाडं बायकोच्या नजरेला पडू नयेत म्हणून तळमळतोय, असं त्याला वाटलं.

केरबाला भीती हाडांची नव्हती. तिथं हाडंच नव्हती.

त्या दिवशी फडक्यात गुंडाळलेली पोर खांद्यावर घेऊन तो एकटाच निघाला होता. सोबतीला येणारी माणसं दुष्काळी कामावर गेलेली. बाभळीपाशी त्यानं टिकाव मारला, तो दगडावर आपटल्यासारखा उडाला. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. वीतभर माती निघेना, आणि वीतभर खड्ड्यात पोर ठेवली तर कुत्री उकरणार. शेवटी तो कोयनेच्या डोहावर गेला. फडक्यात धोंडा बांधला. घरी आल्यावर मनुबाईनं विचारलं, "कुटं ठेवली?" तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "बाभळीपाशी."

तिथं दगड तिनंच आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी केरबा तांबडं फुटायला उठला, तर मनुबाईचं अंथरूण रिकामं. कोपऱ्यातला टिकाव नव्हता. तो तसाच अनवाणी पळत सुटला.

बाभळीपाशी चर छातीएवढा खोल झाला होता. मनुबाई तळाशी उभी होती. पदराची चिंधी फाडून तिनं दोन्ही तळहात बांधले होते, आणि चिंधी लाल झाली होती. हळदीचा दगड तिनं उचलून बाजूला नीट ठेवला होता.

"मने..."

"हात द्या वर याला."

त्यानं हात दिला. ती वर आली, काठावर बसली, पायाची माती झटकली. केरबानं चरात पाहिलं. वरची काळी माती, मग चुनखडीची पांढरी पट्टी, खाली तांबडा मुरूम. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही तुटली नव्हती. तीन महिने दोघं हेच काम करत होते. एकदा खणून भरलेली जमीन कशी दिसते, हे टोळीत मनुबाईइतकं कुणाला कळत नव्हतं.

"लागली न्हाई," ती म्हणाली. "लय खोल पुरलीया तुमी."

केरबा तिच्याशेजारी टेकला.

"मने, म्या त्या दिवशी..."

"बरं केलंसा. वायर वरनंच जाईल. तिला धक्का न्हाई लागायचा."

ती त्याच्याकडं बघत नव्हती. लांबून निजाम आणि टोळीची माणसं येताना दिसत होती. मनुबाईनं टिकाव उचलला आणि दांडा त्याच्या हातात दिला.

"अजून हातभर ऱ्हायलंय. उतरा. सायेब येईल."

केरबा उतरला. मुरमाच्या भिंतीला खांदा लावून त्यानं टिकाव मारला. वर मनुबाईनं घमेलं काठावर आणून ठेवलं आणि घमेल्याशेजारी उकिडवी बसली.

"भरा," ती म्हणाली.