नाका उठला होता

“मॅडम, लॅपटॉप रीस्टार्ट केलात का?”

“चार वेळा केला, श्रेयस. आता पाचव्यांदा केला तरी तेच होणार.”

“मग तुमचं वायफायच वीक असेल.”

“मोबाइलच्या नेटवरही तेच येतंय. आणि याच वायफायवर सासूबाई सकाळपासून मालिका बघतायत, ती बरी अडकत नाही!”

ऑफिसच्या हेल्पडेस्कवरच्या त्या पोराने “बघतो मॅडम” म्हणून फोन ठेवला. सोमवारपासून तो बघतच होता.

वसुधा परब सव्वीस वर्षं एका विमा कंपनीत दावे तपासत होती. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, ती दिंडोशीच्या घरातूनच काम करायची. पण तीन दिवस घरचा लॅपटॉप ऑफिसशी जोडणारं व्हीपीएन लागत नव्हतं. ते लागलं नाही की ऑफिसची फाइल उघडत नाही, आणि फाइल उघडली नाही की हजेरी लागत नाही. आज सकाळी फोनवर पत्र आलं होतं : घरचं इंटरनेट सदोष असल्याचं मान्य आहे, अशी सही करून पाठवा. घरून काम करण्याची सवलत एक तारखेपासून बंद.

“काय झाला गो?” सासूबाईंनी, जानकीबाईंनी, पलंगावरून विचारलं.

“आपलं नेट खराब आहे, असं लिहून मागतायत.”

“मगे, खराब आसा?”

“नाही.”

“मगे सही कित्याक करतंस?”

वसुधाने फोन बाजूला ठेवला आणि स्क्रीनवरचा मजकूर पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. प्रॉक्सी सर्व्हर उत्तर देत नाही. प्रॉक्सी म्हणजे वाटेवरचा नाका, लॅपटॉपची नेटवरची सगळी ये-जा त्यातून. सेटिंग्ज उघडून तिने प्रॉक्सीचा पत्ता पाहिला. तो ऑफिसच्या जुन्या सर्व्हरचा होता, आणि तो सर्व्हर शनिवारी बंद झाल्याचं परिपत्रक तिच्याच मेलमध्ये पडलं होतं. नाका उठला होता, आणि तिचा लॅपटॉप अजून तिथेच रांग लावून उभा होता.

तिने प्रॉक्सीचं बटण बंद केलं. व्हीपीएन झटक्यात लागलं.

दुसरी कोणी असती तर सुटकेचा श्वास टाकून कामाला लागली असती. वसुधाने लॅपटॉप रीस्टार्ट केला. बटण आपोआप पुन्हा चालू! तीनदा केलं, तीनदा तेच. तिन्ही वेळा तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला. बटण ती चालू करत नव्हती. ऑफिसने लॅपटॉपमध्ये भरून ठेवलेली सेटिंगच ते करत होती.

मग तिने कांदिवलीहून काम करणाऱ्या सहकारी रुचिराला फोन लावला. तिलाही तसंच पत्र आलं होतं.

“मी सही करून टाकली गं. कोण वाद घालणार?”

“मी घालते. तू फक्त ते बटण बंद कर, आणि कोणी कितीही सांगितलं तरी रीस्टार्ट करू नकोस.”

संध्याकाळपर्यंत तसंच पत्र आलेल्या सात जणींची कामं सुरू झाली. वसुधाने व्हिडिओ जोडून सगळ्यांच्या वतीने ऑफिसला मेल पाठवली. दहा मिनिटांत मॅनेजर राजेशसरांचा फोन.

“चालू झालं ना, वसुधाताई? मग कशाला ताणताय?”

“चालू मी केलं, सर. पत्रात चूकही माझीच लिहिलीय.”

“अहो, फॉर्मॅलिटी असते ती.”

“मग ती तुमच्या सहीने करा.”

शुक्रवारी पत्रं मागे घेतली गेली, ‘तांत्रिक कारणास्तव’. हजेरी भरली, सवलत राहिली. माफीचा शब्द नाही. फक्त वसुधाच्या नव्या पत्रात एक वेगळं कलम होतं : कामाच्या गरजेनुसार मंगळवार-गुरुवार ऑफिसला यावं. तिने शेजारच्या जयंतीकाकूंना सासूबाईंजवळ बसायला विचारलं. त्या हो म्हणाल्या.

मंगळवारी साडेनऊला ती अंधेरीच्या ऑफिसात हजर होती. श्रेयस तिच्या टेबलापाशी घुटमळला.

“मॅडम, हे तुम्हाला शिकवलं कोणी?”

“कोणी नाही रे. स्क्रीनवर लिहिलेलंच होतं.”

राजेशसर मोबाइलमध्ये डोकं घालून समोरून गेले. वसुधाने मान खाली घातली नाही. घरी फोन करून सासूबाईंनी गोळी घेतली का ते विचारलं, चष्मा पुसला आणि पहिला दावा उघडला.