जंगलाचा पडदा

वक्तेसाहेबांच्या घरात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. साहेब विषय शोधत होते.

मंडळी, असा एक गृहस्थ तुमच्याही ओळखीचा असेल. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी, संध्याकाळी नाट्यमंडळाची चिटणिशी, आणि कुठंही माईक दिसला की हे त्याच्यामागे हजर! मंडळाचा रिवाज असा, की वर्धापनदिनी कलेवर एक भाषण व्हायचं आणि ते एखाद्या दिवंगत कलावंतावरच असायचं. फोटो, फुलं, भाषण आणि मग चहा.

"'रंग आणि जीवन' कसं वाटतं?" साहेबांनी बायकोला विचारलं.

"गेल्या खेपेला 'सूर आणि जीवन' होतं. जीवन तेच ठेवा, पहिला शब्द बदलत राहा," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली. "अहो, पण ते पडदेवाले काका? लहानपणी चित्रं काढायला जायचात ना त्यांच्याकडे?"

साहेब ताडकन उठले. नाट्यगृहाचे सगळे पडदे काकांनीच तर रंगवले होते. महाल, रस्ता, नदीकाठ आणि सगळ्यांत गाजलेलं ते जंगल!

"पण ते गेले का?" बायकोनं विचारलं.

"केव्हाच! ऐकलंय मी कुणाकडून तरी."

कचेरीत विचारलं, मंडळात विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गेले ना, बिचारे. कधी गेले, ते मात्र कुणालाच सांगता येईना आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटेना. भाषण झकास उतरलं. 'कलेचा महामेरू' हे शब्दही ऐटीत बसले. राहता राहिला फोटो.

काकांचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. दार उघडलं ते काकांच्या मुलीनं. गळ्यात मापाची टेप, मागे शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेला झगा.

"मी मंडळाचा चिटणीस. काकांचा एखादा चांगला फोटो हवा होता. श्रद्धांजलीचं भाषण आहे."

ती बाजूला सरकून म्हणाली, "आत या. त्यांनाच विचारा."

खाटेवर उशांना टेकून काका बसले होते! रंगांच्या आणि टर्पेंटाइनच्या वाफांनी छातीचा पार भाता झाला होता, पण डोळे तेच होते. साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. हातातला भाषणाचा कागद लपवावा, तर तोही काकांनी पाहिला होता.

"कशानं गेलो रे मी?" काकांनी विचारलं, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

"काका, चुकलं माझं. मला वाटलं..."

"असू दे. वाच की. हे ऐकायला कुणाला मिळतं?"

सभागृह दणाणून सोडणारे साहेब त्या खोलीत अडखळत वाचत होते. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"छान आहे. पण यात माझं चित्र एकही नाही. महामेरू आहे, पडदा नाही." मग थोडं पुढे झुकून त्यांनी विचारलं, "जंगल आहे ना रे अजून? उजवीकडच्या ढोलीतलं घुबड आठवतं? तू काढलं होतंस. एक डोळा मोठा झाला म्हणून रडत बसलास. ते मी तसंच्या तसं पडद्यावर घेतलं."

साहेबांना त्या घुबडाचा पत्ताच नव्हता.

"आहे ना," ते बोलून गेले. "जपून ठेवलंय. वर्धापनदिनी लावतो. तुम्हाला गाडीनं घेऊन जातो."

"मग येईन. तेवढं एकदा बघू दे."

दारापर्यंत आलेली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आहेत म्हणून. विचारलंच नाही कुणी. कलावंत अमर असतो म्हणता ना? अमर आहे म्हणून त्याला औषध लागत नाही, चार शब्द बोलायला माणूस लागत नाही, असं वाटतं का तुम्हाला? गेलेला माणूस तुम्हाला सोयीचा पडतो. फोटो खोकत नाही!"

साहेब तडक नाट्यगृहावर गेले. जंगल मागच्या अंगणात सापडलं. मोडक्या खुर्च्यांवर पसरलेलं, कडेनं दगड ठेवून दाबलेलं. पावसात खुर्च्या भिजू नयेत म्हणून 'ते जुनं कापड टाका वर' असा हुकूम खुद्द साहेबांनीच सोडला होता! त्यांनी टोक उचललं. काळी बुरशी, वाहून गेलेला हिरवा रंग, आणि बोट लागेल तिथं कापड विरत होतं. उजवीकडे घुबडाचा एक डोळा तेवढा उरला होता. मोठा डोळा. साहेब तिथंच खाली बसले आणि रडले.

काकांना खरं सांगायला हवं होतं. रोज कचेरीतून निघताना ते ठरवत, आज सांगायचं. पण पाय काही त्या गल्लीकडे वळेनात. हजारांसमोर बोलणाऱ्या माणसाला एका म्हाताऱ्यासमोर बोलायची हिंमत होईना.

वर्धापनदिनी दुपारी मुलीचा फोन आला.

"सकाळी गेले. कालच धुतलेला सदरा काढून ठेवायला सांगितला होता. जंगल लागलं का, विचारत होते." मग ती म्हणाली, "आता तुमच्या भाषणात काही बदलायला नको."

संध्याकाळी दर्शनी पडदा वर गेला तेव्हा मागे ते कुजलेलं जंगल टांगलेलं होतं. वास पुढच्या रांगांपर्यंत आला. लोकांनी नाकाला रुमाल लावले. साहेबांच्या हातात कागद नव्हता.

"हे मी कुजवलं," ते म्हणाले. "माणूस जिवंत असताना मी त्याचं श्रद्धांजलीचं भाषण लिहिलं आणि तुम्ही सगळ्यांनी मान डोलावली. चौकशीला त्याच्या दारी एकजणही गेला नाही! पुढच्या वर्षीपासून इथं भाषण होईल ते हयात कलावंतावर, आणि त्याच्या समोर. नाहीतर ते करणारा मी नव्हे."

सवयीनं दोन-चार टाळ्या वाजल्या आणि ओशाळून थांबल्या.

मंडळी, कलेवर बोलायला विषय हवा असेल तर मोठमोठे शब्द राहू द्या. आपल्या गल्लीत कुणी रंगवतं, कुणी गातं, कुणी वाजवतं. त्याचं दार वाजवा, त्याचं काम बघा, आणि ते तो असतानाच जपा. नंतरची फुलं फक्त आपल्याला दिसतात.

त्या दिवशी चहा कुणी घेतला नाही. बाहेर पायऱ्यांवर बायकोनं विचारलं, "अहो, नाटकांना बासरीची साथ करायच्या त्या बाई... आहेत का हो अजून?"

साहेबांच्या तोंडी 'केव्हाच' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "चल, बघून येऊ."